शोकाकुल नऊजण

मी मेलेल्यांची पत्रकं छापते. वर क्रूस, मध्ये फोटो, खाली नाव आणि वय, भोवती काळी चौकट. माणूस गेला की पहिलं निघतं, चाळीस दिवसांनी दुसरं, सहा महिन्यांनी तिसरं, वर्षाने चौथं, आणि पुढे घरच्यांचा उत्साह टिकेल तितकी वर्षं. इमारतीच्या दारावर, बसथांब्याच्या खांबावर, झाडाच्या बुंध्यावर, सगळीकडे ती चिकटलेली असतात. ती कुणी काढत नाही. ऊन-पाऊस काय काढेल ते काढेल. मेलेल्याचा कागद फाडणाऱ्या माणसाचा हात झडतो, असं आमच्याकडे विद्यापीठात शिकलेले लोकही मानतात, फक्त मोठ्याने बोलत नाहीत.

माझं दुकान म्हणजे आमच्याच इमारतीच्या तळघराची एक खिडकी. ती फुटपाथवर चालणाऱ्याच्या घोट्याशी येते, त्यामुळे ज्याला पत्रक हवं त्याला उकिडवं बसावं लागतं. बावीस वर्षं झाली, वकील, दाताचा डॉक्टर, शाळेची मुख्याध्यापिका, सगळे माझ्यापुढे गुडघे मोडून बसतात. सहाव्या मजल्यावरची तेमेनुगा गांचेवा मात्र कधी बसली नाही. तिने आपलं पत्रक फोनवरून सांगितलं. होय, स्वतःचंच, आणि चांगल्या खणखणीत आवाजात.

आधी ही बाई कोण ते सांगते, कारण या गावात तिच्याविषयी जे बोललं जातं त्यातलं निम्मं खोटं आहे आणि उरलेलं मी पसरवलेलं आहे.

तेमेनुगा आराखडे काढायची. तरुणपणी ती बांधकाम खात्याच्या कचेरीत होती. मोठ्या लोकांनी ठरवलेल्या इमारती तिने शाईने स्वच्छ काढायच्या, एवढंच काम. आमची ही आठ मजल्यांची काँक्रीटची पेटीही त्याच कचेरीतून आलेली. आमच्या इमारतीत दारातून आत आलं की आधी सात पायऱ्या चढायच्या आणि मग लिफ्ट लागते. का, ते कुणालाच माहीत नाही. गावातल्या सगळ्या इमारतींत हे असंच आहे. या सात पायऱ्या तिने स्वतःच्या हाताने काढल्या होत्या. आम्ही एकमेकींकडे कॉफी प्यायचो तेव्हाची गोष्ट. ती म्हणाली होती, "केवा, मी बावीस वर्षांची होते. तीन वेळा तो कागद काढला. एकदाही मनात आलं नाही की चढता न येणारं माणूस कसं जाणार. माझे पाय धड होते ना."

पाय धड होते ते पंचेचाळीस वर्षांपर्यंत. मग मज्जातंतूंचा तो आजार लागला, ज्यात शरीर आपलीच आतली वायर कुरतडतं. आधी काठी आली, मग दोन काठ्या, मग चाकाची खुर्ची. नवरा सहा महिन्यांसाठी म्हणून जर्मनीत ट्रक चालवायला गेला, त्याचे ते सहा महिने अजून चालू आहेत. आता तिला साठावं लागलं होतं. गुल्तेन नावाची बाई रोज दोन तास यायची, अंघोळ घालायची, जेवण करून ठेवायची. बाकीचे बावीस तास तेमेनुगा आणि तिची बाल्कनी.

या आजाराला उन्हाचं वावडं असतं. आपल्याला घाम येतो, चिडचिड होते, थंड काकडीचं दह्यातलं सूप प्यायलं की भागतं. तिचं तसं नाही. अंग थोडं जरी तापलं तरी उरलीसुरली ताकद जाते. हातातून चमचा पडतो, डोळ्यांपुढे धूर येतो. गारवा आला की परत येते, बहुतेक वेळा. आणि आमचे उन्हाळे कसे झालेत ते सांगायला नको. डॅन्यूबच्या पात्रात इतकं कमी पाणी की मधली वाळूची बेटं वर येतात आणि पोरं चालत जाऊन तिथे फुटबॉल खेळतात. बातम्यांत सूर्यफुलाच्या पिकाची काळजी करतात, मक्याची करतात.

तेमेनुगाने चौकटीच्या कागदावर एक आलेख काढला होता. बाल्कनीतल्या तापमापकात पस्तीसच्या वर पारा गेलेले दिवस, दर उन्हाळ्याचे, टोकदार पेन्सिलीने मांडलेले. फ्रिजवर लावला होता. रेघ चढत चढत कागदाच्या वरच्या काठाला आली तेव्हा तिने वर दुसरा कागद जोडला. मी म्हटलं, काढून टाक ते, रोज बघून वेड लागेल. ती म्हणाली, "लागलंच आहे. मला पायांचा त्रास नाही, केवा, मला जुलैचा त्रास आहे. आणि तो फेब्रुवारीत सुरू होतो."

ते खरं होतं. बाहेर बर्फ असायचा आणि ही रिकाम्या बाटल्यांत पाणी भरून पलंगाखाली लावायची. दिवसातून वीस वेळा फोनवर हवामान बघायची, आपल्या गावाचं, मग अथेन्सचं, मग आणखी खालचं, कारण ऊन तिकडून वर येतं. इमारतीला आग लागली तर, लिफ्ट बंद पडली तर, वीज गेली तर. सगळ्या वाटा मनात चालून बघायची आणि प्रत्येक वाट त्याच सात पायऱ्यांपाशी संपायची. झोप उडाली, जेवण तुटलं. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरने फोनवरूनच सांगितलं की मनाची तब्येत दाखवून घ्या. मनाची तब्येत बघणाऱ्या बाईंची खोली दुसऱ्या मजल्यावर, तिथे लिफ्टच नाही. बाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, मी खाली फुटपाथवर येते, बाकावर बसून बोलू. तेमेनुगाने विचारलं, आणि मी माझ्या सहाव्या मजल्यावरून त्या फुटपाथवर कशी येऊ? त्यावर बाईंनी तिला श्वासाचे व्यायाम ईमेलने पाठवले.

आता आमचं भांडण. ते वाऱ्यावरून झालं.

आरपार वारं काय करतं हे मला कुणी शिकवायला नको. माझ्या मावशीचं तोंड बसच्या उघड्या खिडकीने वाकडं झालं ते मरेपर्यंत सरळ झालं नाही. माझी स्वतःची मान दर वर्षी धरते. म्हणून मी जुलैतही गळ्याला रुमाल बांधते आणि जिन्यातल्या खिडक्या लावून घेते. मी तिसऱ्या मजल्यावर राहते, आणि खालचं दार उघडं, वरची खिडकी उघडी, की सगळं वारं माझ्या दारातून जातं. तेमेनुगाचं म्हणणं, जिन्यातून हवा वर आली तरच तिच्या घरात श्वास घेता येतो. गुल्तेन जाता जाता खिडक्या उघडायची, मी मागोमाग जाऊन लावायची. दोन उन्हाळे हे चाललं. मी एकदा फोनवर म्हटलं की तुझ्या हवेपायी माझा जीव जाईल. ती म्हणाली, "वाऱ्याने मेलेला एक माणूस दाखव. मग तुझ्या पत्रकावर 'वारं लागून गेली' असं छापू."

यावर मी तिच्याकडची कॉफी बंद केली. तिने नगरपालिकेला पत्र लिहिलं की जिना कोंडून ठेवतात. तपासणीला एक पोरगेलासा साहेब आला, त्याने खिडक्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही, पण फुटपाथवर ठेवलेला माझा नमुन्यांचा फळा बेकायदेशीर आहे म्हणून काढायला लावला. बावीस वर्षं तो फळा तिथे होता. मी ठरवलं, माफी मागितल्याशिवाय या बाईचं तोंड बघायचं नाही.

आणि नेमकं त्याच वर्षी तिला माझी गरज पडली.

कुठल्याशा योजनेतून त्या सात पायऱ्यांवर रुळावरून सरकणारा पाट बसवून मिळणार होता. खुर्ची पाटावर घ्यायची, बटण दाबायचं, खाली. आम्हाला एक दमडी द्यायची नव्हती. फक्त चोवीस घरांपैकी सोळांची सही हवी होती. तेमेनुगाने फोन करून, गुल्तेनला दारोदार पाठवून, पंधरा सह्या मिळवल्या. नऊजणांनी दिल्या नाहीत. कुणाला भिंतीच्या रंगाची काळजी, कुणाला मोटरच्या आवाजाची. पाचव्या मजल्यावरची एक बाई म्हणाली की आज हा पाट बसेल आणि उद्या गावातले सगळे पांगळे इथेच खोल्या भाड्याने घेतील. इमारतीचा कारभारी गोचेव, फेरीबोटीच्या धक्क्यावरचा निवृत्त कस्टम अधिकारी, समोरच्या माणसाने तोंड उघडलं की आत काय लपवलंय ते बघणारा. त्याने सही दिली नाही कारण योजना त्याने आणलेली नव्हती. आणि मी दिली नाही कारण तिने माफी मागितली नव्हती. गुल्तेन माझ्या दारात कागद घेऊन तीनदा आली. तिसऱ्यांदा तिने विचारलं, काय सांगू? मी म्हटलं, सांग की मला वारं लागलंय, पेन धरवत नाही.

जूनच्या सुरुवातीला फोन आला.

"धंद्याचं बोलायचंय," तेमेनुगा म्हणाली. "सहा महिन्यांचं स्मरणपत्रक. फोटो गुल्तेन आणून देईल. लिहून घे."

मला वाटलं, तिच्या माहेरचं कुणीतरी असेल. मी पेन घेतलं. ती सावकाश सांगत गेली.

"स्मरण. तेमेनुगा गांचेवा. हिची चाकं शेवटची रस्त्याला लागली त्याला आज सहा महिने झाले. सात पायऱ्यांच्या वर, सहाव्या मजल्यावर, ती उन्हाळ्याची वाट बघते आहे."

मी पेन खाली ठेवलं. डिसेंबरात अपंगत्वाचा दाखला नवा करायला चौघांनी तिला खुर्चीसकट उचलून नेलं होतं, त्याला खरंच सहा महिने झाले होते.

"जिवंत माणसाचं मी छापत नाही," मी म्हटलं.

"कुठे लिहिलंय तसं? आणि खाली घे, शोकाकुल." मग तिने नावं सांगितली. गोचेव. पाचव्यावरची. दुसऱ्यावरचे नवरा-बायको, त्यांची घरं दोन म्हणून नावंही दोन. एकेक करत आठ. मला नववं कळलं होतं, तरी मी थांबले. "आणि पाराश्केवा दिमोवा," ती म्हणाली. "तुझं आडनाव मी बरोबर सांगितलं ना?"

इथे माझ्या धंद्याची एक गोष्ट सांगायला हवी. शोकाकुलांची यादी हा पत्रकाचा सगळ्यात स्फोटक भाग. सुना जावांची नावं गाळायला सांगतात, भाऊ भावाचं. पहिल्या वर्षी मी एका मुलीच्या सांगण्यावरून तिच्या सावत्र बहिणीचं नाव काढलं आणि दफनभूमीत मारामारी झाली. त्यानंतर मी नियम केला, तो खिडकीवर लिहून लावलाय: मजकूर देणारा जी नावं देईल ती छापली जातील, एकदा छापलेलं नाव पुढच्या कुठल्याही पत्रकातून काढलं जाणार नाही. गावभर माहीत आहे. तेमेनुगालाही होतं.

"तुझ्या नियमात बसतं का नाही?" तिने विचारलं.

मी रागाने छापलं. लाजेने छापलं असतं तर निदान काही अर्थ होता. मला वाटलं, लाव तुझा तमाशा, हसतील लोक. वीस प्रती काढल्या. फोटोत ती तिशीतली होती, उन्हात डोळे बारीक केलेली. गुल्तेनने दारावर लावलं, लिफ्टवर लावलं, बसथांब्यावर, पोस्टाजवळच्या लिंडनच्या झाडावर.

पण एक गोष्ट तिच्याही लक्षात आली नव्हती आणि माझ्याही. पत्रक कुणी वाचत नाही. काळी चौकट बघतात, फोटो बघतात, अरेरे म्हणतात आणि पुढे जातात. दुपारपर्यंत अर्ध्या गावाला तेमेनुगा गेल्याचं कळलं. दारात मेणबत्त्या लागल्या. कचेरीतल्या जुन्या दोघी मैत्रिणी साखर घातलेले उकडलेले गहू आणि सहा कार्नेशनची फुलं घेऊन वर गेल्या. सहा, म्हणजे सम, आमच्याकडे सम फुलं मेलेल्यालाच वाहतात, आणि गहूही त्याच्याच नावाने. दार गुल्तेनने उघडलं, मागे खुर्चीत मयत बसलेली. गुल्तेनने नंतर सांगितलं की तेमेनुगाने फुलं ठेवून घेतली, गहू चमच्याने खाल्ले आणि म्हणाली, सात वर्षांत पहिल्यांदा आलात, बसा. त्या बसल्या नाहीत.

मग ज्यांनी वाचलं त्यांनी न वाचणाऱ्यांना सांगितलं, आणि संध्याकाळी गोचेवने सभा बोलावली. आमच्या सभा त्या सात पायऱ्यांवरच होतात, बसायला दुसरी जागा नाही. तेमेनुगा अर्थातच येऊ शकत नव्हती. गुल्तेन फोन हातात धरून उभी राहिली.

गोचेवचा चेहरा बिटासारखा झाला होता. जिवंत बाईचं शोकपत्र म्हणजे देवाची थट्टा, इमारतीवर अपशकुन, आमच्या नावांची बदनामी, असं तो बोलत राहिला. त्याच्या बायकोला गावातून फोन आले होते, सांत्वनाचे. पाचव्यावरची रडत होती, की माझं नाव मयताच्या कागदावर, माझं काही बरंवाईट झालं तर कोण जबाबदार.

"मग फाडा," फोनमधून आवाज आला. "दारावरच आहे. गोचेव, तुमच्या पाठीमागे आहे."

सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. कुणी हललं नाही. गोचेवने हात खिशात घातले. तो मला म्हणाला की तू छापलंस, तू काढ. मी म्हटलं, मी छापते, काढत नाही, काढायचं काम पावसाचं.

"सोळावी सही द्या, मी स्वतः खाली येऊन काढते," तेमेनुगा म्हणाली. "मी जिवंत आहे, माझा हात झडणार नाही."

हे ऐकून एखाद्याला लाज वाटली असेल असं तुम्हाला वाटत असेल. आमच्याकडे लाजेचा राग व्हायला एक मिनिटही लागत नाही. दुसऱ्यावरचा म्हणाला, आता तर मेलो तरी नाही. बाकीच्यांनी माना डोलावल्या. ज्यांनी सह्या दिल्या होत्या ते सगळ्यात मागच्या पायरीवर गप्प बसले होते, न जाणो आपलंही नाव पुढच्या यादीत यायचं. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण सगळ्यांना माहीत होतं की माझं कारण रंगाचं नव्हतं की मोटरचं. मी गुल्तेनच्या हातातल्या फोनला म्हटलं, "माफी माग."

"कशाची?" फोन म्हणाला. "श्वास घेते त्याची?"

मी वर निघून गेले आणि जाता जाता जिन्यातल्या दोन्ही खिडक्या लावल्या.

जून गेला. पाऊस पडलाच नाही, त्यामुळे पत्रकं तशीच राहिली. ऊन इतकं की काळी चौकट तपकिरी झाली, पण नावं वाचता येत होती. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पारा चाळीसवर गेला आणि तिथेच बसला. रेडिओवर सांगत होते की वृद्ध आणि आजारी माणसांनी जवळच्या थंड सार्वजनिक जागी जावं. वाचनालय उघडं ठेवलं होतं. तिथे आठ पायऱ्या आहेत.

चौथ्या दिवशी लिफ्ट बंद पडली. मोटर गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत असते, तापली. दुरुस्तीवाला म्हणाला, गारवा येऊ दे, आपोआप सुरू होईल. पाचव्या दिवशी गुल्तेनचा नातू आजारी होता, तिने संध्याकाळी येईन असं कळवलं. हे मला नंतर कळलं. मला एवढंच माहीत होतं की दुपारचे दोन वाजलेत, माझी मान दुखतेय, मी पडदे ओढून ओला रुमाल कपाळावर ठेवून पडलेय, आणि फोन वाजतोय.

तेमेनुगा होती. सभेनंतर आम्ही बोललो नव्हतो. तिचं बोलणं जड येत होतं, शब्द एकमेकांत अडकत होते. खिडकी, ती म्हणाली. जिन्यातली. केवा, उघड. मग आणखी काहीतरी, ते मला कळलं नाही. मग पुन्हा, खिडकी.

मला वाटलं, प्यायली आहे. भर दुपारी, एकटीने, राकिया. मी म्हटलं, "नशा उतरली की फोन कर," आणि ठेवून दिला. पुन्हा वाजला. मी आवाज बंद केला.

हे मी आता सरळ सांगते कारण इतर सगळे मला बिचारी केवा म्हणतात, तुला काय माहीत असणार. मला माहीत होतं. तापलं की तिचे हात जातात, डोळे जातात, तशीच जीभही जाते, हे तिने मला कॉफी पिताना दोन वेळा सांगितलं होतं. मी विसरले नव्हते. मला त्या क्षणी आठवायचं नव्हतं.

सहा वाजता गुल्तेन सहा मजले चढून वर गेली आणि तशीच धावत तिसऱ्यावर आली. मला वाटलं, भांडायला आली. तिने माझं दार हाताच्या तळव्याने बडवलं आणि म्हणाली, "तिच्या फोनमध्ये तुझं नाव आहे. अकरा वेळा."

रुग्णवाहिकेतून दोघेजण आले. एकाने जिना बघितला आणि देवाचं नाव घेतलं. तेमेनुगाला घोंगडीत घालून खाली आणलं. एक टोक गोचेवने धरलं होतं, हे मी नाकारणार नाही. त्याला धाप लागली होती आणि तो सगळा वेळ शिव्या देत होता, कुणाला ते कळत नव्हतं. शेवटच्या सात पायऱ्यांवर ते थांबले, वळण घ्यायला. तिचे डोळे उघडे होते. ओठ सुकून चिरले होते. घोंगडी दारापाशी आली तेव्हा तिच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर तिचंच पत्रक होतं. तिने ते पाहिलं की नाही, मला सांगता येत नाही. मी जिन्यातल्या खिडकीपाशी उभी होते. खिडकी तेव्हा मी उघडली होती.

ती वाचली. तुम्हाला बरं वाटलं असेल, मलाही वाटलं, आठवडाभर. मग इस्पितळातून कागद आला की रुग्णाचं राहतं घर तिच्या अवस्थेला योग्य नाही. सहावा मजला, बेभरवशाची लिफ्ट, सात पायऱ्या, कुणी सोबत नाही. एकेक शब्द खरा होता. तिला चाळीस किलोमीटरवरच्या एका गावात, अशा माणसांसाठीच्या निवासात नेऊन ठेवलं. अथेन्सच्या हवामानापेक्षा तिला याची जास्त भीती होती. ती म्हणायची, जुलैने नाही मारलं तर तिकडे नेऊन टाकतील.

सप्टेंबरात मी सही केली. कुणी मागितली नव्हती. मी गोचेवच्या घरी गेले, कागद काढायला लावला आणि सोळाव्या रकान्यात नाव लिहिलं. तो म्हणाला, आता कशाला? मी म्हटलं, दे पाठवून.

योजना तिच्या नावाची नव्हती, इमारतीच्या नावाची होती, त्यामुळे वसंतात पाट बसला. छान आहे. आवाज अजिबात येत नाही, रंगही गेला नाही. दुसऱ्यावरच्यांना नातवंड झालं, त्यांची बाबागाडी त्यावरून जाते. गोचेव कलिंगडं नेतो, एका वेळी चार. पाचव्यावरचीचा गुडघा गेला, ती रेलिंगला धरून उभ्याने वर जाते आणि म्हणते, किती सोय झाली. मीही कागदांचे गठ्ठे त्यावरूनच नेते. मी नेत नाही असं सांगितलं तर ते खोटं होईल.

पाट बसायच्या आधीच, त्याच वर्षीच्या डिसेंबरात, मी तेमेनुगाला फोन केला. इतके महिने धीर झाला नव्हता. मी विचारलं, कसं आहे तिथे. ती म्हणाली, "एकही पायरी नाही. सगळं सपाट. कुठेही जाता येतं, फक्त जायला कुठे नाही." खिडक्यांचं मी विचारलं नाही, तिनेच सांगितलं. खिडक्या वरून दोन बोटं उघडतात, रुग्णांना वारं लागू नये म्हणून. आणि आलेख? तो तिकडे न्यायला विसरले होते. आता तापमापक नाही, म्हणाली, पण अंदाज येतो. फेब्रुवारीची वाट बघायची गरज उरली नाही, आता वर्षभर जुलैच असतो. तिचं बोलणं स्वच्छ होतं. मी माफी मागितली. मागे कुणाचा तरी टीव्ही चालू होता.

मग ती म्हणाली, "जूनमध्ये पत्रक काढायचंय. तारीख माझ्या लक्षात आहे, तूही लिहून ठेव. मजकूर तोच, फक्त सहा महिन्यांच्या जागी दीड वर्ष. आणि 'सहाव्या मजल्यावर' काढून या गावाचं नाव घाल."

"पण तू तर आता बाहेर, अंगणात..."

"अंगणाला कुंपण आहे. रस्ता कुंपणाच्या पलीकडे आहे."

मी लिहून घेतलं. मग, बघा माझं धाडस, मी म्हटलं की मी सही केली आहे. सोळावी माझीच आहे. आता शोकाकुलांत माझं नाव ठेवायला नको ना.

"तुझ्या खिडकीवर काय लिहिलंय ते वाच," तेमेनुगा म्हणाली, आणि फोन ठेवला.

जूनमध्ये मी वीस प्रती काढल्या. नऊ नावं, त्याच क्रमाने, शेवटचं माझं. एक दारावर लावली, एक लिफ्टवर, एक बसथांब्यावर, आणि एक पाटाच्या रेलिंगवर, बटणाच्या बरोबर वर, जिथे वर जाणाऱ्या प्रत्येकाला हात लावावा लागतो. गोचेवने ती पाहिली, हातातली कलिंगडं खाली ठेवली आणि पहिल्यांदाच पूर्ण वाचली. मग बटण दाबलं. मी जिन्यातल्या खिडक्या उघड्या ठेवते आता. मान अजून धरते.